डॅनइलेक्ट्रो ३०२१ वाजती करताना: प्रकल्प नोंदी

६ जानेवारी २०२४, शनिवार

वस्तू: जुनी इलेक्ट्रिक गिटार, डॅनइलेक्ट्रो ३०२१. काळी, दोन पिकअपची (पिकअप म्हणजे तारांचं कंपन विजेत बदलणारं चुंबकी वेटोळं), आखूड शिंगांची. जागा: एडिसन, न्यू जर्सी, घराचं तळघर. उद्देश: वाजती करणं. भिंतीवर टांगायची नाही.

मॉनमथ काउंटीतल्या एका घरातलं सामान विकायला काढलं होतं, तिथं मिळाली. मूळ खुंट्या कधीच गेल्यात, त्या जागी कुणीतरी नव्या बसवल्यात आणि डोक्यामागं जुन्या स्क्रूंची भोकं तशीच दिसतात. कडांचा काळा रंग उडालाय. मागच्या बाजूला बकलानं पाडलेले ओरखडे. संग्राहक माणूस हे बघून पुढं सरकतो आणि माझ्यासारख्याचं फावतं. जुन्या गिटारींच्या बाजारात एक खुंटी बदलली किंवा एका जोडावर नवं सोल्डर दिसलं, तरी किंमत उतरते. आवाजाला त्याचं काही सोयरसुतक नसतं.

अ‍ॅम्पला लावून पाहिलं. नेककडचा, म्हणजे मानेकडचा, पिकअप ठणठणीत. ब्रिजकडचा (ब्रिज म्हणजे बॉडीवर तारा टेकतात ती घोडी) मध्येच गप्प होतो आणि बॉडीवर थाप मारली की परत येतो. व्हॉल्यूम फिरवला की खरखर. पहिल्या तीन फ्रेटवर (फ्रेट म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) तारांखाली खड्डे. तिसरी तार बाराव्या फ्रेटवर चांगलीच चढी लागते.

नियम ठरवून घेतले. पिकअप, स्विच, नट (डोक्याजवळ तारा टेकतात ती पट्टी), ब्रिज बदलायचे नाहीत. रंगाला हात लावायचा नाही. निघेल तो प्रत्येक स्क्रू कागदावर चिकटवून शेजारी जागा लिहायची.

७ जानेवारी, रविवार

नेक उतरवली. खोबणीत शाईचा चार आकडी शिक्का आहे. या कंपनीच्या पद्धतीप्रमाणे पहिले दोन आकडे वर्षातल्या आठवड्याचे आणि शेवटचा वर्षाचा. शेवटचा आकडा १. म्हणजे १९६१, कारण कंपनीनं गिटारी करायला सुरुवात केली १९५४ मध्ये आणि कारखाना बंद पडला १९६९ मध्ये. शेवटचा आकडा ८ असता तर १९५८ की १९६८ यावर डोकं खाजवत बसावं लागलं असतं.

खोबणीत जाड कागदाची एक पट्टी सापडली, नेकचा कोन साधायला घातलेली. कारखान्यातली की नंतरची, कळत नाही. तिथंच राहू दिली.

बॉडी आतून जवळजवळ रिकामी. कडेनं साध्या लाकडाची चौकट, मधे ब्रिजखाली ठोकळा, आणि वर-खाली मेसोनाइट, म्हणजे आपण परीक्षेला जे क्लिपवालं पॅड न्यायचो ना, तोच हार्डबोर्ड. कडांवर चिकटवलेली व्हिनाइलची खरबरीत पट्टी. हार्डबोर्डाची कड उघडी ठेवली तर ती फुगते आणि दिसते भिकार, म्हणून ही पट्टी. एका पट्टीत दोन्ही प्रश्न मिटले.

हे करणारा माणूस नेथन डॅनियल. सुतार नव्हे, इलेक्ट्रॉनिक्सवाला. १९३० च्या दशकात एपिफोन या गिटार कंपनीसाठी अ‍ॅम्प बनवले, १९४७ मध्ये स्वतःची कंपनी काढली, ती इथंच न्यू जर्सीत, रेड बँकला. पुढं कारखाना नेपच्यूनला गेला. पार्कवे महामार्गाला गर्दी नसेल तर माझ्या घरापासून पाऊण तासावर. सगळ्यात मोठं गिऱ्हाईक सीअर्स, टपालानं माल विकणारी दुकानसाखळी. त्यांच्या कॅटलॉगमध्ये याच गिटारी सिल्व्हरटोन नावानं जायच्या. पोरानं हट्ट धरावा आणि आईबापांनी टपालानं मागवावी, अशी वस्तू. पुढं त्यांनीच केसच्या झाकणात अ‍ॅम्प बसवलेला सिल्व्हरटोन संचही काढला. केस उघडली, उभी केली, वायर जोडली की कार्यक्रम सुरू.

पन्नाशीच्या दशकात कॅलमझूत गिब्सन या गिटार कंपनीचे लोक महॉगनीवर मेपलची टोपी चढवून लेस पॉल घडवत होते. डॅनियलनं लाकडावरचा खर्च जवळजवळ शून्यावर आणला. पण कुठं वाचवायचं आणि कुठं नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. गिटार उघडल्यावर ते कळतं.

१४ जानेवारी, रविवार

नेकचा दिवस. या नेकमध्ये फिरवता येणारा ट्रस रॉड नाही. आत पोलादाच्या दोन पट्ट्या आहेत, बस्स. नेक वाकली असेल तर पाना घालून सरळ करायची सोय नाही. दाबून, तापवून किंवा फ्रेट घासून काय ते करायचं. त्यामुळे जुनी डॅनइलेक्ट्रो घेताना आधी नेककडे बघावं, पिकअपकडे नंतर. पिकअप दुरुस्त होतो.

सरळ पट्टी ठेवून मोजलं. सातव्या-आठव्या फ्रेटपाशी सरळ पट्टी आणि फ्रेट यांच्यात ०.२ मिलिमीटर. एवढाच बाक हवा असतो. त्रेसष्ट वर्षांत आतल्या पोलादी पट्ट्यांनी हूं की चूं केलेलं नाही. रॉडवाल्या नेकची फुशारकी मारणाऱ्यांना हे कुणीतरी सांगायला हवं.

फ्रेट मात्र खाल्लेले. नवे घालायचा विचार केला आणि सोडला. माथे मार्करनं काळे केले, सपाट दगडानं काळं जेमतेम पुसलं जाईल एवढंच घासलं, मग प्रत्येक माथ्याला गोलाई दिली. पहिल्या फ्रेटवर खड्ड्याची एक बारीक रेष राहिली आहे, ती राहू दे. ती घालवायची तर उरलेल्या वीसही फ्रेटची उंची त्या पातळीला उतरवावी लागेल.

फिंगरबोर्डच्या कडा हाताला मऊ लागतात. जुन्या गिटारीबद्दल वाजवणारे जे भारावून बोलतात, त्यातली ही एक खरी गोष्ट. वर्षानुवर्षं तळहात फिरून कडांची धार गेलेली असते, आणि हात पहिल्या मिनिटाला घरच्यासारखा बसतो. नव्या गिटारी मुद्दाम अशा कडा मारून विकतात, पैसे जास्त घेऊन.

नट अ‍ॅल्युमिनियमचा. हाडाचा किंवा प्लॅस्टिकचा नट असला की मोकळी तार आणि फ्रेटवर दाबलेली तार यांच्या आवाजात थोडा फरक राहतो. इथं दोन्हीकडे धातूच. मोकळ्या तारा घेऊन कॉर्ड धरला की सहाही तारा एका जातीच्या वाजतात. ओपन ट्यूनिंग (मोकळ्या तारांचाच कॉर्ड होईल अशी जुळणी) आणि स्लाइड (तारांवर नळी घसरवून) वाजवणारे या गिटारीकडे का वळतात, याचं निम्मं उत्तर या पट्टीत आहे. जिमी पेजनं लेड झेपेलिनच्या मैफलींत वेगळ्या ट्यूनिंगच्या गाण्यांसाठी ठेवलेली गिटार हीच, ३०२१. लेस पॉल हाताशी असून.

हवा: हीटर रात्रंदिवस चालू, तळघरात आर्द्रता पंचवीस टक्क्यांवर. फिंगरबोर्ड आकसून फ्रेटची टोकं बाहेर डोकावतायत. ह्युमिडिफायर लावला. ती टोकं आत्ता घासायची नाहीत, लाकूड पूर्ववत झाल्यावर बघायचं.

२० जानेवारी, शनिवार

पिकअप. आज शेजारचे काका आले. ऐन उमेदीत त्यांनी लॅमिंग्टन रोडवर रेडिओ-अ‍ॅम्पची कामं केलेली. सोल्डरिंगच्या बाबतीत मी त्यांच्यापुढं तोंड उघडत नाही.

"काय रे, लिपस्टिकच्या नळ्या लावल्यात की काय याला?"

"लिपस्टिकच्याच आहेत काका. लिपस्टिकच्या डब्या बनवणाऱ्यांकडूनच घ्यायचे."

त्यांना वाटलं मी थट्टा करतोय. पण खरंच तसं आहे. अल्निको या मिश्रधातूची एक सपाट चुंबकपट्टी, तिच्याभोवतीच गुंडाळलेली बारीक तांब्याची तार, वर टेप, आणि हे सगळं क्रोम चढवलेल्या दोन अर्ध्या नळ्यांत सरकवून बंद. फेंडर कंपनीच्या पिकअपसारखे सहा वेगळे खांब नाहीत, गिब्सनसारखे स्क्रू नाहीत, तार गुंडाळायला बॉबिनसुद्धा नाही. धातूची नळी आतल्या गुंडाळीला बाहेरच्या गुणगुणीपासून थोडा आडोसाही देते. नळी एक, कामं दोन. या माणसाची ही खोडच दिसते.

मीटर लावला. नेककडच्या गुंडाळीचा रोध ४.२ किलोओहम. ब्रिजकडचा कधी ४.१, कधी काहीच नाही. ही आकडेवारी पाहून नवखा माणूस म्हणेल की पिकअप मेलेला आहे, कारण पन्नाशीच्या दशकातला फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारीचा पिकअपसुद्धा साडेपाच-सहाच्या घरात असतो आणि गिब्सनचा जुना हमबकर, म्हणजे दुहेरी गुंडाळीचा पिकअप, सात-आठच्या. पण इथं कमी वेढे हे दुखणं नव्हे. वेढे कमी म्हणजे आवाज थोडा बारीक, पण वरचे सूर मोकळे.

नळी उघडायची नाही असं दोघांचंही मत पडलं. आतली तार केसाहून बारीक, एकदा तुटली की नव्यानं गुंडाळणं आलं. आधी बाहेरचे जोड. काकांनी चष्मा कपाळावर चढवला, स्विचवरचा जोड लाकडी काडीनं हलवला आणि मीटरचा काटा नाचला.

"ड्राय सोल्डर. पिकअपला काय धाड भरलीय? उगाच बिचाऱ्याच्या नावानं बोंबलत होतास."

जुनं सोल्डर ओढून घेतलं, पाय खरवडला, फ्लक्स लावून नवा जोड दिला. मीटर ४.१ वर ठाम. संग्राहकाच्या हिशेबात मी आज गिटारीची किंमत कमी केली.

२२ जानेवारी, सोमवार, रात्री

पॉट, म्हणजे नॉबखालचे आवाज कमी-जास्त करणारे भाग, साफ केले. एकावर एक बसवलेल्या नॉब, वरची आणि खालची वेगळी फिरते. क्लीनरचा फवारा, पाच मिनिटं गरगर, खरखर गेली. एकाची थोडी उरली आहे, अगदी शेवटच्या टोकाला. तिथं मी कधी जात नाही.

२८ जानेवारी, रविवार

आजचा विषय ब्रिज, आणि याच्यावर दुपार गेली.

ब्रिज म्हणजे पत्र्याची एक पट्टी आणि तिच्यावर शिसवीची एक काडी. सहा तारांना सहा वेगळे घोडे नाहीत. काडी सैल करून थोडी तिरकी सरकवता येते, स्क्रू आवळले की झालं. नव्या गिटारीवर वाढलेला माणूस हे पाहून हादरतो आणि लगेच सहा घोड्यांचा नवा ब्रिज मागवतो. बाजारात तसे मिळतातही.

पण तिसरी तार चढी का लागते, याचं कारण मला ब्रिजपेक्षा तारेत दिसतं. फ्रेटवर तार दाबली की ती ताणली जाते आणि सूर थोडा चढतो. तो चढ भरून काढायला ब्रिजवर तारेची लांबी किंचित वाढवावी लागते. किती वाढवायची ते ठरतं मुख्यतः तारेच्या आतल्या गाभ्याच्या जाडीवर. आज आपण तिसरी तार साधी, बिनवेढ्याची लावतो. तिचा गाभा चौथ्या तारेच्या गाभ्यापेक्षा जाड, म्हणून तिला लांबी जास्त लागते आणि चौथीला कमी. या दातऱ्या रेषेत सरळ काडी बसूच शकत नाही. १९६१ मध्ये मात्र संचात तिसरी तार वेढ्याची यायची. तिचा गाभा बारीक. मग पहिल्या दोन साध्या तारांची चढती जोडी झाली की पुढच्या चारांची गरज एका तिरक्या रेषेच्या जवळपास येते, आणि सरळ काडी पुरते.

तेव्हा ब्रिज न बदलता तारा बदलल्या. ११ नंबरचा संच, तिसरी वेढ्याची. काडी थोडी तिरकी केली. ट्यूनरवर पहिली, चौथी, पाचवी, सहावी बरोबर. तिसरी दोन सेंटनं (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) चढी, कानाला कळत नाही. दुसरी पाच सेंटनं चढी, ती कळते, पण नेकच्या वरच्या भागात दोन तारांचा कॉर्ड लांबवला तरच. चालेल.

याची किंमतही आहे. वेढ्याची तिसरी तार वर ओढून मींड काढायची तर बोटं दुखतात. ब्लूजची लांब ओढ हवी असेल त्यानं ही गिटार घेऊ नये, किंवा साधी तार लावून थोडं बेसूर सोसावं. जुनी गिटार विकत घेताना तिच्याबरोबर त्या काळची वाजवण्याची पद्धतही येते, हे दुकानदार सांगत नाही.

४ फेब्रुवारी, रविवार

सगळं जोडून आज पहिल्यांदा नीट वाजवली. अ‍ॅम्प छोटा, व्हॉल्व्हचा. मित्रानं शेजारी त्याची हल्लीची स्ट्रॅट, म्हणजे स्ट्रॅटोकास्टर, ठेवली होती. आणि तासाभरासाठी, जिवापाड जपून, त्याच्या ओळखीच्या एकाची १९६४ ची फेंडर जॅझमास्टरही.

वजन: डॅनइलेक्ट्रो अडीच किलोच्या आसपास. चांगली जड लेस पॉल चार किलोच्या वर जाते. दोन तास उभं राहून वाजवणाऱ्याच्या खांद्याला यापुढं लाकडाची चर्चा नको असते.

नेककडचा पिकअप: घंटेसारखा स्वच्छ, पोटात थोडी पोकळी. बॉडी अर्धी रिकामी असल्यामुळे उजव्या हाताचा प्रत्येक ठोका ऐकू येतो. हातात चूक झाली की तीही.

ब्रिजकडचा: पातळ, थोडा कर्कश, नळाच्या पाण्यासारखा सरळ. एकटा फार वेळ ऐकवत नाही.

दोन्ही मिळून: आणि इथं ही गिटार बाकीच्यांना मागं टाकते. बहुतेक फेंडर-गिब्सनमध्ये दोन पिकअप मिळून लावले की ते समांतर जोडले जातात, म्हणून आवाज उघडा होतो पण जोर वाढत नाही. डॅनियलनं ते एकामागोमाग, म्हणजे सिरीजमध्ये जोडले. दोघांचा जोर एकत्र येतो, मधले सूर भरतात आणि अ‍ॅम्प लगेच फाटायला लागतो. जास्त वेढ्यांचे पिकअप असे जोडले तर आवाज गढूळ होतो. इथं वेढे मुळात कमी, त्यामुळे जाडी येते आणि धारही राहते. ४.२ अधिक ४.१, म्हणजे स्विच एक खटका हलवला की आठ किलोओहमचा जाडजूड पिकअप मिळाला. २० तारखेला जो आकडा दुबळा वाटला होता, तो या मधल्या खटक्यासाठीच तसा ठेवला असावा असं मला वाटतं.

जॅझमास्टरबद्दल. सुंदर वाद्य, वाद नाही. नायट्रोसेल्युलोजचा पातळ रंग, कडा झिजलेली नेक, हात लावताच गुपचूप व्हावं अशी. ती जानेवारी १९६५ च्या आधीची, म्हणजे सीबीएस या प्रसारण कंपनीनं १ कोटी ३० लाख डॉलरना फेंडर कंपनी घेतली त्याच्या आधीची, म्हणून तिची किंमत आणखी चढते. मालक शेजारी उभा राहून प्रत्येक हालचालीकडे बघत होता. मी तिच्यावर मनासारखं वाजवू शकलो नाही, आणि दोष गिटारीचा नव्हता. जी गिटार स्टेजवर न्यायची छाती होत नाही, ती माझ्या कामाची नाही.

लाकूड मुरल्यामुळे आवाज सुधारतो, असं जॅझमास्टरवाल्यांचं म्हणणं. असेल थोडं. पण माझ्या मांडीवर हार्डबोर्ड होता, तो मुरून मुरून किती मुरणार? आणि खोलीतल्या तिघांनीही सर्वात जास्त वेळ तीच वाजवली. जुन्या गिटारीत जे कानाला धरून ठेवतं ते मला वयापेक्षा त्या वेळी कुणीतरी घेतलेल्या निर्णयांत जास्त दिसतं: किती वेढे, कोणता जोड, कुठं धातू. १९५४ च्या स्ट्रॅटला स्विच तीन खटक्यांचा होता, वाजवणाऱ्यांनी तो दोन खटक्यांच्या मधे अडकवून नवाच आवाज काढला, आणि फेंडरनं पाच खटक्यांचा स्विच दिला तो थेट १९७७ मध्ये. असा अर्धवटपणा आजच्या कारखान्यात शिल्लक राहत नाही.

गुणगुण: तिन्ही खटक्यांवर आहे. काका म्हणाले, मुंबईत वीज पन्नास हर्ट्झची, तिथली गुणगुण मंद्रातल्या जी सुराच्या जरा वर लागायची. इथं साठ, ती बी फ्लॅट आणि बी यांच्या मधे कुठंतरी लोंबकळते, धड ना हा ना तो. तपासलं, बरोबर निघालं.

११ फेब्रुवारी, रविवार

डिसेंबरमध्ये पुण्याला नेता येईल का, याची चौकशी.

अडचण फिंगरबोर्डची. या काळातले फिंगरबोर्ड ब्राझीलच्या शिसवीचे, डाल्बर्जिया नायग्रा. १९९२ पासून हे लाकूड साइट्स या, दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे, म्हणजे कागदपत्रांशिवाय सीमा ओलांडायची नाही. प्रवासात वाद्य नेणाऱ्यांसाठी वेगळं वाद्य-प्रमाणपत्र २०१३ पासून आहे, पण त्यासाठी वाद्य कधीचं आणि लाकूड कोणतं हे दाखवावं लागतं. म्हणून खोबणीतल्या शिक्क्याचा चांगला उजेडात फोटो काढून ठेवला.

यातली गंमत अशी की ब्राझीलचं लाकूड मिळेनासं झालं तेव्हा अमेरिकेतले गिटारवाले वळले ते आपल्या शिसवीकडे. मार्टिन या गिटार कंपनीनं १९६९ मध्ये भारतीय शिसव घेतली. आजीच्या घरातल्या पलंगाचं लाकूड ते हेच.

काकांचं मत: "कशाला नेतोस? तिकडे वाजवायला दुसरी घे. ही इथली आहे, इथंच राहू दे." आणि मग स्वतःच आठवण काढून, "पण याच कंपनीनं ती इलेक्ट्रिक सितार काढली होती ना?" हो. १९६७ ची कोरल सितार, न्यूयॉर्कचा स्टुडिओ वादक विनी बेल याच्याबरोबर तयार केलेली. ब्रिज मुद्दाम झणझणेल असा, बाजूला तेरा तरफेच्या तारा. कंपनी तोवर एमसीए या मनोरंजन कंपनीकडे गेली होती. सितारियांनी नाकं मुरडली असतील, पण पॉपवाल्यांची सोय झाली.

निर्णय: यंदा नेत नाही.

२४ फेब्रुवारी, शनिवार

मंडळाच्या वाद्यवृंदाची तालीम, शाळेच्या जिममध्ये. जुनी मराठी भावगीतं आणि थोडी हिंदी. मधल्या खटक्यावर ठेवून ऱ्हिदम वाजवला. कीबोर्ड आणि ढोलकीच्या मधून वाट काढत गेला, कुणाला आवाज कमी करायला सांगावं लागलं नाही. तबलेवाल्यानं विचारलं की ही प्लॅस्टिकची आहे का.

अडचण एकच: मॉनिटरसमोर (वादकांना ऐकू यावं म्हणून ठेवलेल्या स्पीकरसमोर) उभं राहिलं आणि व्हॉल्यूम आठच्या वर गेला की शिट्टी सुरू. बॉडी पोकळ आणि पिकअपच्या गुंडाळीत मेण भरलेलं नाही, त्यामुळे तिच्याकडून दुसरी अपेक्षा नाही. मेणात बुडवून घ्यायचा सल्ला दोघांनी दिला. त्यासाठी नळी उघडावी लागते. त्यापेक्षा मी मॉनिटरपासून दोन पावलं बाजूला उभा राहीन.

ब्रिजकडचा पिकअप मागच्या स्क्रूनं अर्धा वेढा वर घेतला. उंची आता: पहिल्या तारेखाली अडीच मिलिमीटर, सहावीखाली तीन. बाराव्या फ्रेटवर तारेची उंची दीड आणि दोन. फ्रेटची टोकं आर्द्रता चाळीसच्या वर गेल्यापासून आत गेली, घासावी लागली नाहीत.

संध्याकाळी एका विक्रेत्याचा निरोप: याच काळच्या मूळ खुंट्यांचा पूर्ण संच आलाय, भोकंही जुळतील. सांगितलेल्या किमतीत एक बऱ्यापैकी नवी गिटार येते. बसवल्या तर ही विकताना पैसे वसूल होतील, हे त्याचं म्हणणं खरंही असेल. आत्ताच्या खुंट्या तालमीचे तीन तास सुरात राहिल्या. नको म्हणून कळवलं, आणि वेढ्याच्या तिसऱ्या तारेचे दोन संच मागवले.